बायकोला बघायला काढलेलं तिकीट

विमानतळावर टॅक्सी चालवणाऱ्या माणसाला विमानतळ माहीत असतो, असं लोकांना उगाच वाटतं. त्याला माहीत असतो तो समोरचा रस्ता, छताला धरून उभे असलेले खांब, आणि 'पुढे घ्या, पुढे घ्या' म्हणत बोनेटवर थापा मारणारा शिपाई. काचेचं दार आपोआप उघडतं, आतली गार हवा क्षणभर तोंडावर येते, प्रवासी आत जातो आणि दार मिटतं. आमच्या हॉर्नने अर्धं आयुष्य त्या दारासमोर घालवलं आणि उंबरठा एकदाही ओलांडला नाही. तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत, आणि तिकीट काढून विमानाने भेटायला जावं असं त्याचं कुणी कुठे नव्हतं.

हॉर्न हे काही त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते स्टँडवरच्या टॅक्सीवाल्यांनी ठेवलं, कारण समोरचा चुकायच्या आधीच हा ओरडायला लागायचा. गाडीचा हॉर्न मात्र तो क्वचित वाजवायचा. देवाने आपल्याला तोंड दिलेलं असताना बॅटरी कशाला जाळायची, असं त्याचं म्हणणं. माणूस मनाने वाईट नव्हता, पण त्याच्या मनात काय चाललंय हे कळायला त्याच्या मनात शिरायची गरजच पडत नसे.

लेक शिकायला परगावी गेली आणि दोघांचं घर एकदम मोठं झालं. बायको खिडकीत बसून राहायला लागली. शेजारची एक बाई टर्मिनलमध्ये साफसफाईला जायची, तिने सांगितलं की आत, तपासणीच्या पलीकडे, किरकोळ गरजेच्या वस्तूंचं एक दुकान निघतंय आणि त्यांना जरा पोक्त बाई हवीय. बायको कचरत होती. हॉर्ननेच तिला ढकललं. "जा की. तेवढाच तुझा वेळ जाईल," असं तो म्हणाला होता. पुढे हे वाक्य आठवलं की त्याला स्वतःचीच जीभ चावावीशी वाटे.

दुकान असं किती मोठं असणार? चार माणसं आत शिरली तर पाचव्याने बाहेर थांबायचं. एका बाजूला अत्तरांचं चकाचक दुकान, दुसऱ्या बाजूला घड्याळांचं. अत्तरांच्या दुकानात लोक मनगटावर फवारून घेतात आणि हुंगत हुंगत निघून जातात. घड्याळांच्या दुकानात किंमत वाचून भुवया वर जातात आणि त्यांच्यामागोमाग गिऱ्हाईकही जातं. या मधल्या दुकानात मात्र आलेला माणूस काही घेतल्याशिवाय परत जात नाही, कारण तो आलेलाच असतो अडलेला. घरून निघताना जे जे राहतं ते ते सगळं तिथे टांगलेलं: चार्जर, दाढीचं सामान, दाताचा ब्रश, मोजे, बाळांचे लंगोट, कंगवा, डोकेदुखीची गोळी, बायकांना ऐन वेळी लागतं ते, सुईदोरा, सेफ्टी पिन, चष्म्याची दोरी. जगात इतकी माणसं इतक्या गोष्टी विसरून घराबाहेर पडतात हे हॉर्नला बायको नोकरीला लागेपर्यंत ठाऊक नव्हतं. त्याच्या गाडीतून तीच माणसं जायची. ती खिसे चाचपायची तेव्हा तो त्यांना आरशात बघायचा, पण त्यांना काय सापडलं नाही हे त्याला कधी कळायचं नाही.

सुरुवातीला सगळं छान होतं. रात्रीच्या जेवणाला बायको दिवसभराच्या हकिकती सांगायची आणि हॉर्न त्या सकाळी स्टँडवर रंगवून सांगायचा. "आमच्या हिच्या दुकानात काल काय झालं माहीत आहे का," अशी सुरुवात करून तो भाव खायचा. बायको आत कामाला असलेला टॅक्सीवाला सगळ्या स्टँडवर तो एकटाच होता.

मग एके दिवशी माशी शिंकली. सकाळी त्याने लाल टाय लावलेल्या एका बड्या माणसाला सोडलं. तासभर गाडीत होता, पण एक शब्द बोलला नाही. डावीकडे वळायचं तर बोट डावीकडे, उजवीकडे तर उजवीकडे. उतरताना मान हलवली, तीही स्वतःच्याच फोनला. संध्याकाळी बायको वाढता वाढता म्हणाली, "आज एक लाल टायवाले आले होते. तपासणीत बूट काढायला लावले, तर मोज्यातून अंगठा बाहेर. एवढा मोठा माणूस, लाजून अर्धा झाला होता. मोजे घेतले, तिथेच बाकावर बसून घातले, आणि डोळ्यांत पाणीच आलं हो त्यांच्या. म्हणाले, बायको बॅग भरायची तोवर हे असं कधी झालं नव्हतं. गेल्या साली गेली बिचारी."

हॉर्नच्या हातातला घास हातातच राहिला.

"माझ्याशी तो तासभर एक अक्षर बोलला नाही," तो म्हणाला.

"तुम्ही काही विचारलंत?"

"मी गाडी चालवू का विचारत बसू?"

"मी तरी कुठे विचारलं. मोजे दिले नुसते."

त्या दिवसापासून हॉर्नच्या पोटात दुखायला लागलं. आपण माणसांना घरापासून दारापर्यंत आणायचं, त्यांच्या बॅगा उचलायच्या, त्यांच्यासाठी सिग्नलला शिव्या खायच्या, आणि त्यांनी मन मोकळं करायचं ते आत जाऊन आपल्या बायकोपाशी. हा काय न्याय झाला? आपण त्यांना नुसते पोचवतो आणि ही त्यांच्या उपयोगी पडते, हे त्याला पचेना. पूर्वी घरात कुणाचं काही अडलं तर हाक त्यालाच पडायची. नळ, मिक्सर, लेकीच्या सायकलची साखळी, बायकोच्या पर्सची चेन, सगळ्याला तोच धन्वंतरी. आता लेक नव्हती, आणि बायकोला काही लागलं तर ती येताना दुकानातून घेऊनच यायची.

त्यात तिचा आवाज बदलला. "या, काय हवंय?" हे ती दिवसभर ज्या आवाजात म्हणायची, तो आवाज हॉर्नने एकदाच, ती झोपेत बोलली तेव्हा ऐकला, आणि अंथरुणात उठून बसला. इतक्या मऊपणाने ती त्याला शेवटचं कधी काही म्हणाली होती? घरी यायची ती दमून. दिवसभर गोड बोलून साखर तिकडेच संपायची, आणि घरी उरायचा तो चोथा. "भाजी आणलीत?" "दिवा बंद करा." "उद्या बघू." बस्स.

आणि मग कॅप्टन आला.

कॅप्टन म्हणजे विमान चालवणारा, चांगला पिकल्या केसांचा, खांद्यावर सोनेरी पट्ट्या. उड्डाणाआधी पेपरमिंट घ्यायला यायचा. बायकोच्या हकिकतींत तो आधी आठवड्यातून एकदा यायचा, मग दोनदा, मग रोजच यायला लागला. कॅप्टन असं म्हणाले, कॅप्टन तसं म्हणाले. तोही काय, चालकच की, असं हॉर्नला वाटायचं. आपण जमिनीवर चालवतो, तो हवेत चालवतो. त्याला समोरून म्हैस आडवी येत नाही, रिक्षावाला घुसत नाही, मग त्यात एवढं सोनं खांद्यावर लावण्यासारखं काय आहे? पण हे बोलायची सोय नव्हती, कारण बोललं असतं तर बायकोला कळलं असतं.

एका संध्याकाळी ती हसत हसत घरी आली. कॅप्टनच्या बाहीचं बटण ऐन वेळी तुटलं होतं, आणि तिने दुकानातला सुईदोरा घेऊन लावून दिलं होतं.

"शर्ट काढून दिला त्याने?" हॉर्नने विचारलं.

"काढायला वेळ कुठे होता? विमान उभं होतं. हात पुढे केला, मी टाके घातले."

"म्हणजे हात हातात धरून."

"बाही धरून," बायको म्हणाली. "हात त्यांचा बाहीच्या आत होता, आता तो कुठे ठेवू?" आणि ती पुन्हा हसली.

हॉर्न त्या रात्री जेवला, पण काय जेवला ते त्याला सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी त्याने एक काम केलं, जे कुणाला सांगायची त्याला आजही लाज वाटेल. आपल्या चांगल्या शर्टाचं बटण त्याने स्वतः ओढून तोडलं आणि शर्ट बायकोसमोर ठेवला. ती म्हणाली, "ठेवा, सुट्टीच्या दिवशी बघते." सुट्टी आली आणि गेली. शर्ट खुर्चीच्या पाठीवर तसाच लोंबत राहिला. कॅप्टनचं विमान उभं असतं, आपली खुर्ची काय, ती कुठेच जात नाही, असं मनात म्हणून हॉर्नने तो शर्ट न बोलता कपाटात कोंबला.

स्टँडवर पैलवान नावाचा त्याचा जुना सोबती होता. पैलवान कसला, फुंकर मारली तर उडेल असा. म्हणूनच त्याला पैलवान म्हणायचे. त्याने हॉर्नचं बिनसलंय हे ओळखलं आणि काडी घातली. "वहिनी आत, तू बाहेर," तो म्हणाला. "आता तुला दिवसाउजेडी बायको बघायची तर तिकीट काढावं लागेल, गड्या."

सगळे हसले. हॉर्न हसला नाही. ते वाक्य त्याच्या डोक्यात जाऊन बसलं आणि तिथून हलेना.

पुढच्या आठवड्यात, गाडी दुरुस्तीला टाकतो असं घरी सांगून, त्याने ती खरोखरच दुरुस्तीला टाकली. खोटं बोलायचं तर अर्धं तरी खरं असावं, एवढा तो सज्जन होता. मग तो पायीपायी विमानतळावर आला आणि दाराबाहेरच्या तिकिटाच्या खिडकीवर उभा राहिला.

"कुठलं देऊ?" आतल्या मुलीने विचारलं.

"सगळ्यात स्वस्त."

"पण जायचं कुठे आहे?"

"जवळच कुठेतरी."

मुलीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "परतीचं?"

"नको. जाण्याचंच द्या," हॉर्न म्हणाला, कारण त्याचा जाण्याचाच विचार नव्हता. आत शिरायचं, खांबाआडून कॅप्टनला आणि बायकोला एकदा डोळे भरून बघून घ्यायचं, आणि आल्या वाटेने बाहेर पडायचं, असा त्याचा बेत. सिनेमागृहात जसं तिकीट काढून मध्येच उठून येता येतं, तसं इथेही असेल असं त्याने धरलं होतं.

सामान नाही, परतीचं तिकीट नाही, आणि चेहऱ्यावर घाम. तपासणीवाल्यांना असा माणूस म्हणजे पर्वणीच. कुठे चाललात, असं विचारल्यावर शहराचं नाव त्याला तिकिटात बघून सांगावं लागलं. त्यांनी त्याला दोनदा यंत्रातून काढलं, एकदा बाजूला घेतलं, बूट काढायला लावले, पट्टा काढायला लावला. वरच्या खिशातला त्याचा स्क्रू पिळायचा जुना छोटा पेचकस, ज्याशिवाय तो घराबाहेर पडत नसे, तो एका डब्यात जाऊन पडला. "हे आत नेता येत नाही," तपासणीवाला म्हणाला. त्या माणसाला काय कल्पना, की तो हॉर्नची शान काढून घेत होता. अपमानाने फणफणत त्याने बूट पायात खुपसले आणि तो तिथून सटकला. ट्रेमधला पट्टा तसाच पुढे सरकत गेला. बरंच आत आल्यावर पँट खाली घसरली तेव्हा त्याला त्याची आठवण झाली. परत त्या लोकांसमोर जायची त्याची हिंमत नव्हती. त्याने डाव्या हाताने पँट धरली आणि तसाच पुढे निघाला.

आतला थाट बघून त्याला आणखीच राग आला. एवढा उजेड, एवढी स्वच्छ फरशी, झाडंसुद्धा पुसलेली. ही रोज इथे असते आणि मी डिझेलचा धूर खातो. बायकोने हे सगळं त्याला कितीदा तरी सांगितलं होतं, पण कॅप्टन आल्यापासून तिने बोलायला सुरुवात केली की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा.

दुकानासमोर एक जाड खांब होता. हॉर्न त्याच्याआड उभा राहिला, एका हाताने पँट आवळून, आणि बघायला लागला.

बायको त्याला ओळखू आली नाही, म्हणजे आली, पण जरा वेळाने. निळा अंगरखा, केस घट्ट बांधलेले, पाठ ताठ. घरात ती वाकून चालायची. इथे गल्ल्यामागे एखादी मुख्याध्यापिका उभी असावी तशी उभी होती. एक तरुण आई आली, कडेवर रडणारं मूल. तिने तोंड उघडायच्या आत बायकोने लंगोटांचं पाकीट आणि ओले रुमाल समोर ठेवले, आणि बाळाला कुठे नेऊन बदलता येईल ते बोटाने दाखवलं. एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांच्या कानात ऐकायचं यंत्र होतं आणि त्यातला सेल गेला होता. त्यांच्याशी ती ओरडून बोलली नाही. तोंड त्यांच्यासमोर आणून ओठ सावकाश हलवत राहिली, आणि सेल बसल्यावर मगच आवाज काढला. म्हातारा खुलला. खांबाआड हॉर्न जळला. घरी तो दोनदा "काय?" म्हणाला तर तिसऱ्यांदा ती उत्तर देत नसे.

मग एक बाई धापा टाकत आली. बॅगेची चेन अडकली होती, आणि पासपोर्ट आत. बायकोने ती बॅग हातात घेतली, गल्ल्याखालून साबणाची एक झिजलेली वडी काढली, चेनीच्या दातांवर घासली, एकदा मागे, एकदा पुढे, आणि चेन सुळकन सरकली.

हॉर्नच्या अंगाचा तिळपापड झाला. ही युक्ती त्याची होती. साबणाची, तीही वापरून कोरडी झालेली वडीच घ्यायची, हे लग्नानंतर त्यानेच तिला शिकवलं होतं.

"जादूच केलीत हो ताई," ती बाई म्हणाली.

"माझी कुठली, ही तर..." बायको म्हणाली, आणि पुढचं शेजारून गेलेल्या फरशी पुसायच्या यंत्राच्या घरघरीत बुडालं. हॉर्नला काही ऐकू आलं नाही. न ऐकता त्याने ठरवून टाकलं की तिने श्रेय स्वतःकडेच घेतलं असणार. हेवा करणाऱ्या माणसाला ऐकू न आलेलं वाक्य सगळ्यात जास्त लागतं.

एवढ्यात कॅप्टन आला.

आला तो सरळ गल्ल्यापाशी. बायको म्हणाली, "या, काय हवंय?" आणि हॉर्नने कान टवकारले. पण तो आवाज लंगोटवालीला होता तसाच होता, म्हाताऱ्याला होता तसाच. तिने पेपरमिंटची डबी पुढे केली, त्याने कार्ड टेकवलं. बस्स, एवढंच? हॉर्नला छातीवरचं ओझं उतरतंय असं वाटलं आणि तेवढ्यात कॅप्टन जाता जाता काहीतरी बोलला. बायको हसली. गिऱ्हाइकाला द्यायचं हसू नव्हतं ते. तोंडावर हात नेऊन, खांदे हलवत, लेक लहान असताना ती घरात हसायची तसं. ते हसू संपलं, वयाबरोबर गेलं, असं हॉर्न समजून चालला होता. ते संपलेलं नव्हतं. फक्त त्याच्या वाटणीचं संपलं होतं.

त्याने खांब सोडला. काय करणार होता, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. दोन पावलं टाकली असतील, आणि छतातून त्याचं नाव आलं.

त्याचं खरं नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट. कुणा बाईच्या गोड आवाजात ते सगळ्या टर्मिनलभर घुमलं. आपण जिथे असाल तिथून ताबडतोब गेटवर यावं, ही आपल्यासाठी शेवटची सूचना आहे. हे नाव स्टँडवर कुणाला आठवत नव्हतं. त्या एवढ्या मोठ्या इमारतीत ते ओळखणारं माणूस एकच होतं, आणि ते आता गल्ल्यामागे मान वर करून छताकडे बघत होतं. मग तिने मान खाली केली, आणि समोर, दुकानाच्या तोंडाशी, पँट धरून उभा असलेला नवरा तिला दिसला.

तिचं हसू गळून पडलं. गल्ल्याची फळी उचलून ती बाहेर धावली.

"काय झालं? लेक बरी आहे ना?"

"बरी आहे. सगळं ठीक आहे."

"मग तुम्ही इथे कसे?"

"तिकीट काढून."

"कुठे चाललात?"

हॉर्नने नकळत हातातल्या बोर्डिंग पासकडे पाहिलं. तेवढं पुरलं. बायकोने त्याच्या हाताकडे पाहिलं, त्या खांबाकडे पाहिलं, मग गर्दीत लांब गेलेल्या कॅप्टनच्या पाठीकडे. दुकानात उभं राहून ती एवढं तरी शिकली होती, की माणूस समोर आला की त्याचं काय अडलंय ते आधी ओळखायचं.

"त्यांना बघायला आलात," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर हॉर्नला बरं वाटलं असतं, त्यात तो तरबेज होता.

"काय म्हणाला तो?" हॉर्नने खालच्या आवाजात विचारलं. "एवढी हसलीस ती?"

"सांगते. ते रोज विचारतात, ताई, अजून बसला नाहीत का विमानात? मी रोज सांगते, पुढच्या वर्षी. आज म्हणाले, तुमचं पुढचं वर्ष मी निवृत्त व्हायच्या आत येऊ द्या, म्हणजे मीच नेईन." ती थांबली. "आणि मी त्यांना काय सांगते, ऐकायचंय? म्हणते, आमचे हे नेणार आहेत. दोघं मिळून जाणार आहोत."

हॉर्नला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मी जात नाही," तो म्हणाला. "हा निघालो घरी."

"कसे निघाल? इथून मागे जाता येत नाही. आत आलेला माणूस पुढेच जातो. मागे जायचं तर शिपाई येतात, साहेब येतात, का आलात, कशाला आलात, सगळं विचारतात. काय सांगाल? बायकोवर नजर ठेवायला आलो? मला उद्या याच लोकांत उभं राहायचंय."

"मग तू जा माझ्या जागी."

"तिकिटावर नाव तुमचं आहे. आत्ताच सगळ्यांनी ऐकलं."

वरून पुन्हा त्याचं नाव आलं. बायको वळली आणि गल्ल्यामागे गेली. खुंटीवरच्या पट्ट्यांतला एक न मोजता काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. नेहमीच्या भोकात बरोबर बसणार हे तिला माहीत होतं; इतक्या वर्षांचा संसार होता.

"पैसे द्यावे लागतील. माल दुकानाचा आहे. आणि पास दाखवा, त्याशिवाय बिल होत नाही."

हॉर्नने पैसे दिले, पास दिला. मग पँटला पट्टा लावला. बायकोने त्याच्यासमोर पेपरमिंटची एक पुडी ठेवली. "वर जाताना कान दडपतात म्हणे, तेव्हा हे चघळायचं. पाण्याची बाटली घ्या, विमानात महाग असतं म्हणतात. ढगांत शिरलं की हलतं, घाबरायचं नाही, लोक सांगतात." तिला विमानातलं सगळं माहीत होतं. म्हणे, म्हणतात, लोक सांगतात. "तिथे उतरलात की बाहेरच बस मिळते. जेवायच्या वेळेपर्यंत घरी पोचाल."

मग तिने पास यंत्रासमोर धरला. रोज शेकडो पास तिच्या हातांखालून जायचे. कुठलं अक्षर म्हणजे कुठली जागा, हे तिला आता पाठ होतं. यंत्र वाजलं तरी ती पासकडे बघत राहिली.

"खिडकी मिळालीय," ती म्हणाली.

हॉर्नने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, आणि डोळे त्याच्यावर नव्हते, त्या कागदावर होते. तो चेहरा त्याने लगेच ओळखला. गेले कित्येक महिने तोच चेहरा घेऊन तो गाडी चालवत होता.

"अगं," तो म्हणाला.

तिने पास त्याच्या हातात दिला. मागे रांग झाली होती. कुणाला चार्जर हवा होता, कुणाला गोळी.

"जा आता. दार लावतील," ती म्हणाली. "सगळं नीट बघून या. आणि घरी आल्यावर मला काही सांगू नका."